जुन्या वस्तूंची चौथी किंमत

चोपड्याच्या जुन्या गावठाणातून नव्या वसाहतींकडे निघाले की हल्ली एक गोष्ट नजरेत भरते. बंगल्यांच्या फाटकाशी पितळी घंगाळे मांडलेली असतात आणि त्यांत शोभेची झाडे डुलत असतात. कुणाच्या अंगणात जात्याची तळी पायवाटेत बसवलेली, कुणाच्या कुंपणाला बैलगाडीचे चाक टेकवलेले. दिवाणखान्यात शिरावे तर जुन्या दाराच्या फळीवर काच टाकून केलेले टेबल. यजमान कौतुकाने सांगतात, "अस्सल सागवान आहे, शंभर वर्षांपूर्वीचे." कुठून आणले, असे विचारले की उत्तर येते, "एकाने मिळवून दिले."

त्याच गावाच्या जुन्या गल्ल्यांत नेमकी उलटी गडबड चालू असते. भावाभावांची वाटणी झालेली, निम्मे वारस पुण्याला नाहीतर सुरतेला, आणि मागे राहिलेल्याला धाब्याच्या घराची डागडुजी झेपत नाही. मग एके सकाळी जेसीबी येतो आणि दोन दिवसांत चार पिढ्यांच्या घराचा मातीचा ढीग होतो. त्याआधी आठवडाभर एक टेम्पो फेऱ्या मारून गेलेला असतो. दार, खांब, तुळया, बंगई, माळ्यावरची भांडी, सगळे त्यातून गेलेले असते. बंगल्याच्या फाटकावरचे घंगाळ आणि गल्लीतला तो ढीग ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. घर जुन्या वस्तूंनी सजवणाऱ्या माणसाने या व्यवहारात कसे वागावे, याबद्दल मला काही सांगायचे आहे.

माझी नोकरी बँकेत झाली. कादंबऱ्या लिहिल्या त्या सुट्टीच्या दिवशी. त्यामुळे वस्तू दिसली की मनात आधी तिची किंमत मांडली जाते. अनुभवाने सांगतो, जुन्या वस्तूला एक नव्हे, तीन किमती असतात.

पहिली पुस्तकी किंमत. लाकडी सामानावर दरसाल दहा टक्के घसारा धरला, तर हजार रुपयांचे टेबल वीस वर्षांनी हिशेबाच्या वहीत सुमारे १२२ रुपयांचे उरते. टेबल तेच असते, पाय भक्कम असतात, पण वहीच्या लेखी ते जवळजवळ संपलेले असते. जुन्या घराचेही असेच. गहाणखतासाठी मूल्यांकन व्हायचे तेव्हा जागेला भाव असे, बांधकामाला थोडा असे, आणि देवडीच्या नक्षीदार चौकटीची नोंद "लाकूड" या एका शब्दात आटोपत असे.

दुसरी मोडीची किंमत. गेल्या शतकातल्या साठ-सत्तरच्या दशकांत घरोघर स्टेनलेस स्टील आले आणि पितळ मोडीच्या भावात बाहेर गेले. यात बायकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पितळेचे भांडे चिंच आणि राखेने घासण्यात त्यांची मनगटे झिजली होती. त्यात ताक कळकते, म्हणून वरचेवर कल्हई लागते. दारात भाता लावून नवसागर आणि कथील फिरवणारा कल्हईवाला वेळेवर आला नाही तर स्वयंपाक अडतो. स्टीलला यांतले काहीच लागत नव्हते. ती सुटका खरी होती आणि तिचा आनंदही खरा होता. फक्त त्या आनंदात घरातली वजनदार भांडी भट्टीत गेली.

तिसरी हौसेची किंमत. तिचा मासला मी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पाहिला. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे एका फडक्यावर कुलपे, अडकित्ते आणि घड्याळाचे काटे यांच्यात बँकेची पितळी टोकने पडली होती. तरुणपणी आमच्या शाखेत खातेदाराने चेक दिला की त्याला असेच आकडा कोरलेले टोकन मिळे आणि तो बाकावर बसून पुकारा होण्याची वाट पाही. संगणक आले तशी ती टोकने निकामी झाली आणि वजनावर भंगारात गेली. बाजारातला विक्रेता एका टोकनाचे दीडशे रुपये मागत होता. मी विचारले, "हे कशाचे आहे?" तो म्हणाला, "अँटिक आहे काका, पेपरवेट म्हणून छान दिसेल."

मी ते घेतले. पण येताना गाडीत एक विचार मनातून जाईना. त्या टोकनाने वहीतली शून्य किंमत पाहिली, भंगाराची पाहिली आणि आता हौसेची पाहिली. या तिन्हींत ते टोकन काय काम करीत होते, हे कुठेच आले नाही. ती चौथी किंमत. वस्तूचे काम, तिचे नाव आणि ती कुणाच्या घरची, या तिन्ही गोष्टी मिळून ती होते. माझे म्हणणे एवढेच, की जुनी वस्तू घरी आणणाऱ्याने बाकीच्या तीन किमती बाजाराला ठरवू द्याव्यात आणि ही चौथी स्वतः चुकती करावी.

काही वस्तू आपल्याकडे अजून अँटिक झालेल्या नाहीत, कारण त्यांचे काम थांबलेले नाही. आखाजीला पुरणपोळी अजून खापरावरच होते. हिवाळ्यात भरिताची वांगी भाजली की लाकडी बडगी निघते आणि तिच्यात ती ठेचली जातात. हे खापर किंवा ही बडगी कुणी दिवाणखान्यात मांडत नाही. तशी गरजच पडत नाही, कारण नातवंडांना ती वस्तू नावानिशी माहीत असते. उलट धान्य मोजायचे चिपटे घ्या. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. १९५८ पासून मेट्रिक वजनमापे येत गेली आणि ही माळ तुटली. आज ते चिपटे अनेक टेबलांवर पेन ठेवायला असते. असू द्या, पण नातवाने "हे काय आहे?" असे विचारले तर "पेनस्टँड" हे उत्तर देऊ नका.

नावे हा किरकोळ मामला नाही. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी जात्याला घरोट म्हटले आणि त्याच्यावर कविता केली. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने ओठांवर ठेवलेल्या कविता १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर वर्षाने, पुस्तकरूपाने आल्या. त्या कवितांतली जाते, पेरणी, मोट ही सामग्री तेव्हा रोजच्या वापरातली होती. आज अंगणात घरोट पुरून त्याच्यावर पाय देऊन चालणाऱ्या घरातल्या मुलाला ती कविता शाळेत शिकवताना चित्र दाखवावे लागते. वस्तू पायाखाली आहे आणि शब्द पुस्तकात आहे. दोघांची भेट होत नाही.

सजावट आणि संग्रह यांतला फरक पाहायचा असेल तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. १९६२ मध्ये त्यांनी तो हजारो वस्तूंचा संग्रह सरकारच्या हवाली केला. त्यात दिवे, अडकित्ते, भांडी, दारे अशा घरगुती वस्तूच पुष्कळ आहेत, म्हणजे ज्या आपल्या माळ्यावर होत्या त्याच. केळकरांनी त्यांना जपले आणि त्या काय आहेत हे सांगण्याची सोय केली.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. भट्टीकडे निघालेले घंगाळ कुणी वाचवले तर मी त्याला नमस्कार करीन. पण उभ्या घराचे दार विकत घेणाऱ्याला करणार नाही. या दोन खरेद्या बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांचे परिणाम वेगळे आहेत. आपल्याकडचे धाब्याचे घर लाकडाच्या सांगाड्यावर उभे असते. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. भिंती कच्च्या विटांच्या. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकून ती दाबली नाही तर पाणी झिरपते. अशा घरातून नक्षीदार खांब काढला की तुळई वाकते, चौकट उपटली की वरची भिंत खचते. "फक्त दार देऊन टाका, बाकी घर राहू द्या," असे म्हणणारा दलाल घराला दोन पावसाळ्यांची मुदत देऊन जातो. पाडायला आलेले यंत्र मग नुसते शेवटचे काम करते.

मागणी वाढली की काय होते, हे तामिळनाडूतल्या कारैकुडीत दिसते. चेट्टियार व्यापाऱ्यांचे प्रचंड वाडे हे त्या भागाचे वैभव. तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानांची एक गल्लीच आहे आणि मोडलेल्या वाड्यांचे खांब, दारे, भांडी, तसबिरी तिथे विकायला असतात. ग्राहक दूरदूरच्या शहरांतून येतात. आपल्याकडे अजून तशी गल्ली नाही, टेम्पो आहे. टेम्पोची गल्ली व्हायला वेळ लागत नाही.

"शंभर वर्षांपूर्वीचे" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलीच्या घरासाठी चौकट पाठवायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

यावर कुणी म्हणेल, घरमालकाने काय करावे? त्याला पैशांची नड आहे, घर पडायलाच आले आहे. त्याचे म्हणणे बरोबर आहे आणि मी त्याला दोष देत नाही. पण घर खरोखर पाडायचेच ठरले असेल तर दलाल मधे घालू नका. स्वतः जा, त्या घरच्या म्हातारीजवळ बसा, पुरता भाव द्या आणि वस्तूबरोबर तिची हकिगतही मागून घ्या. दलाल देतो त्यापेक्षा अधिक पैसे त्या घराला मिळतील आणि दलालाकडून कधीच मिळत नाही ती गोष्ट तुम्हाला मिळेल.

बाजारात जाण्याआधी आपलाच माळा पाहावा, ही दुसरी सूचना. पुष्कळदा जे दुकानातून आणायचे असते ते आपल्याच घरात पोत्यात बांधून पडलेले असते. आणि वस्तू खाली काढल्यावर तिला जमेल तेवढे तिचेच काम द्यावे. बंगई भिंतीवर टांगण्यापेक्षा कड्यांना अडकवावी आणि तिच्यावर बसावे. रांजण धड असेल तर त्यात पाणीच भरावे. आपल्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत त्याच्या अंगातून पाझरणारे पाणी झपाट्याने उडते आणि आतले पाणी गार होते. हे काम तो विजेशिवाय करतो. तडा गेलेला रांजण मात्र खुशाल झाडाला द्यावा.

घंगाळात झाड लावायचे असेल तर माती थेट त्यात भरू नये. तळाला भोक नसल्याने मुळे कुजतात, आणि भोक पाडले तर भांडे जन्माचे गेले. कुंडी आत ठेवावी आणि घंगाळ सावलीत मांडावे. पाण्यावर फुले तरंगवायची असतील तर आठवड्यातून एकदा ते उपडे करून कोरडे करावे, नाहीतर डेंग्यूचे डास आपल्या सौंदर्यदृष्टीचा फायदा घेतात. लाकडी वस्तू बागेत उघड्यावर ठेवू नये. सातपुड्याचे सागवान टिकाऊ खरे, पण ओल्या मातीला टेकलेला खांब बुडापासून कुजतो. त्याच्याखाली दगड हवा. जाते पायवाटेत पुरण्याऐवजी ओट्याच्या कडेला खुंट्यासकट मांडावे. निदान वर्षातून एकदा, मुले सुट्टीला आली की त्यात मूठभर डाळ भरडावी. त्या घरघरीने जे कळते ते चित्र पाहून कळत नाही.

तिसरी सूचना माझ्या जुन्या पेशाला शोभेल अशी आहे. घरात एक नोंदवही ठेवा. वस्तूचे नाव, तिला आपल्या भागात काय म्हणतात ते, ती कुणाच्या घरून आणि कोणत्या साली आली, काय काम करीत होती, शेवटी कुणी वापरली. पाच रकाने पुरेत. पुढे वाटणी झाली तर निदान काय वाटले जात आहे हे मुलांना कळेल.

खानदेशाला हे काम नवे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची जुनी दप्तरे मिळवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. लोक ज्याला रद्दी म्हणत होते ते आपल्याच शेजारच्या गावाने जपले. कागदाच्या बाबतीत जे जमले ते भांड्यांच्या आणि दारांच्या बाबतीत न जमण्याचे कारण मला दिसत नाही. तालुक्याच्या एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने एक खोली दिली, गावाने त्या खोलीत चार-चार वस्तू नोंदीसह ठेवल्या, तर फार मोठा खर्च येणार नाही.

घाई करायला हवी ती वस्तूंसाठी नव्हे. पितळ आणि सागवान अजून पन्नास वर्षे सहज टिकेल. पण अधोली आणि चिपटे यांतला फरक न अडखळता सांगणारी, कोणत्या घंगाळात कुणाच्या लग्नाचे पाणी तापले हे ठाऊक असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. या दिवाळीत माळा साफ करायला काढाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यांना खाली खुर्ची टाकून द्या आणि एकेक वस्तू त्यांच्यासमोर ठेवा.