गालिच्याला पाणी नको!

दिवाळीच्या आवराआवरीत घरातले झाडून सारे कापड पाण्यात पडते. लांब लवेचा लोकरी गालिचा तेवढा वगळावा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कढत पाण्यात चोळले की ते एकमेकांत गुंततात आणि हौसेने घेतलेल्या गालिच्याचा एका दुपारीत नमदा होतो. तो पुन्हा सुटत नाही. शिवाय लोकर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते! आमच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू रेशीम-सुताचा. त्याचा अनुभव येथे कामाचा नाही. शिकावे ते घोंगडीकडून. तिला चिंचोक्याची खळ असते, म्हणून जाणते लोक ती झटकतात, पण उठसूट धूत नाहीत.

गालिचाही उलटा घालून पाठीवर थोपटावा. तळची रेती गळते. चहा सांडला तर कोरड्या फडक्याने टिपावा, घासू नये.

खरी धास्ती कसरीची. तिचे पाखरू काही खात नाही. खाते ती अळी, तीही कपाटाखालच्या अंधारात, जिथे केरसुणी पोचत नाही. अधूनमधून कपाट सरकवावे. डांबराच्या गोळ्यांवर भिस्त नको. त्या घट्ट बंद पेटीतच काम करतात, उघड्या दिवाणखान्यात नुसता वास.