चुकलेलं स्पेलिंग

शुक्रवारी रात्री रिलीज आटोपलं आणि शनिवारी सकाळी चहा घेऊन इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चांदीच्या ब्रूचच्या नोंदी वाचत बसलो. (हो, आहे मला असला नाद!)

१३व्या-१४व्या शतकातली ही वस्तू तशी साधीच. दोन-तीन सेंटिमीटरचं कडं आणि त्याला एक टाचणी. अंगरख्याचं कापड कड्यातून वर ओढायचं, टाचणी टोचायची, कापड ताणलं की गळा बंद. कड्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं 'आवे मारिया', नाहीतर 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा'. कधी नुसतं 'अग्ला', म्हणजे एका हिब्रू प्रार्थनेची आद्याक्षरं. इंग्लंडमध्ये १९९६च्या ट्रेझर ॲक्टनुसार ३०० वर्षांहून जुनी अशी चांदीची वस्तू सापडली की कळवावीच लागते. त्यामुळे शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी मंडळींच्या कृपेने बऱ्याच नोंदी झाल्यात.

गंमत म्हणजे कितीतरी ब्रूचवर मजकूर चुकलेला असतो. अक्षरं गाळलेली, उलटी, जागा संपली म्हणून मध्येच तोडलेली. मग वर्णनात येतं, 'निरर्थक मजकूर'. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे लगेच पटतं. एक सेमीकोलन राहिला तरी कंपायलर ऐकून घेत नाही!

पण मला तो शब्द खटकतो. चूक नोंदवू नये असं नाही. कारागिराला वाचता येत होतं का, याचा अंदाज त्यावरूनच येतो. पण येशूचं ते नाव अकस्मात मृत्यूपासून वाचवतं अशी समजूत होती. अकस्मात मरण म्हणजे पापांची कबुली न देता जाणं. त्या काळची ही खरी धास्ती, आणि १३४८मध्ये प्लेग इंग्लंडला पोचल्यावर तर विचारूच नका. ब्रूच लावणाऱ्या बहुतेकांना लॅटिन येतच नव्हतं. त्यांना ते वाचायचं नव्हतं, गळ्याशी असायला हवं होतं.

माझी आजी संध्याकाळी स्तोत्र म्हणायची, ऐकून पाठ केलेलं. इंजिनिअरिंगला असताना मी तिचे उच्चार सुधारायला लागलो. बरोबरच होतो मी! काही दिवसांनी तिने माझ्यासमोर मोठ्याने म्हणणं बंद केलं. आता आजी नाही, आणि मला आठवतात ते तिचे चुकलेलेच उच्चार.

असो. निरर्थक म्हणण्याआधी एवढंच विचारावं, कुणासाठी?