इंग्रजी क्रियापदाचे शेपूट

आपल्या परप्रांतस्थ मराठी अधिकारीवर्गात एक समजूत फार दृढमूल झालेली आहे. ती अशी की, इंग्रजी शब्द जितका लांब आणि जितका लॅटिनच्या वळणाचा, तितका तो प्रतिष्ठित. आणि ‘पुट ऑफ’, ‘लुक इन्टू’, ‘गिव्ह अप’ असले जोडप्रयोग म्हणजे बाजारातली, फार तर घरातली भाषा. ही समजूत चुकीची आहे एवढेच म्हणून भागणार नाही. ती नुकसानकारक आहे, आणि तिचा भुर्दंड आपल्याला व आपल्या मुलांना रोज भरावा लागतो.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे. टिप्पण्या लिहिणे हेच माझे काम. फायली आता संगणकावर चालतात. लाल शाई गेली, पण लाल शाईची वृत्ती गेलेली नाही. एका टिप्पणीत मी बैठक ‘पुट ऑफ’ झाल्याचे लिहिले, तेव्हा वरिष्ठांनी तो शब्द काढून ‘पोस्टपोन’ घातला आणि वर ‘भाषा सुधारावी’ असा शेरा दिला. शब्द बदलल्याचे मला दुःख नाही; टिप्पणीत ‘पोस्टपोन’ही शोभतो. मौज अशी की, त्याच टिप्पणीच्या शेवटी त्यांचा स्वतःचा आदेश होता, ‘प्लीज पुट अप’. ज्या शेपटाला ते बाजारी म्हणतात त्याच्यावाचून त्यांचे स्वतःचे पानही हलत नाही!

या शेपटाचे मराठी माणसाला वावडे का, याचे कारण आपल्या वाक्यरचनेत आहे. आपण म्हणतो, ‘मी उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला जाईन.’ काळ, साधन, स्थळ ही सारी मंडळी आधी येऊन बसतात आणि क्रियापद सर्वांच्या शेवटी येते. इंग्रजीत नेमके उलटे. तेथे क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते. नागपूर, गाडी आणि उद्याचा दिवस त्याच्या मागून चालतात. त्यामुळे होते असे की, क्रियापद कानी पडले की मराठी मनाला वाक्य संपल्यासारखे वाटते. इंग्रजीत ते तेव्हा कोठे सुरू झालेले असते. ‘ही पुट’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. पुढे ‘ऑफ’ आले तर लांबणीवर टाकले, ‘आउट’ आले तर विझवले, ‘डाउन’ आले तर खाली ठेवले, आणि ‘अप विथ’ आले तर मुकाट्याने सोसले. वाक्याचा जीव त्या दोन-तीन अक्षरांत असतो, आणि आपले लक्ष तोवर उडालेले असते.

ही अडचण आपल्यालाच वाटते असे नाही. सॅम्युएल जॉन्सन याने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे की, क्रियापदामागे असा लहान शब्द जोडून अर्थ पालटण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परकीयांना सर्वांत अधिक जड जाते ती हीच. म्हणून त्याने असे प्रयोग कसोशीने नोंदवले. ज्याची स्वतःची शैली लॅटिनने ओथंबलेली, त्या पंडिताला या प्रयोगांचा विटाळ झाला नाही. तो आमच्या उपसचिवांना होतो!

कोणी म्हणेल, मूळ धातूचा अर्थ असा वाऱ्यावर सोडणारी भाषा ती कसली भाषा? असे म्हणणाऱ्याने आपल्या घरात डोकावून पाहावे. संस्कृतात ‘हृ’ धातू एकच. पण आहार, विहार, प्रहार आणि संहार यांना एका पंक्तीला कोण बसवील? उपसर्ग धातूच्या आधी येतात हे सांगून पाणिनी लगेच नोंदवतो की, वेदांत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द घेऊन दूरही राहतात. इंग्रजीतही ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’ असे थोडे शब्द उपसर्ग पुढे घेऊन राहिले आहेत. इतर बहुतेक ठिकाणी तो मागे गेला. वेदवाणीला जे चालले ते लंडनच्या रस्त्यावर असभ्य कसे ठरते, हे मला कळत नाही.

आणि संस्कृतापर्यंत तरी कशाला जायचे? ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काय टाकतो? ‘तो भलतेच बोलून बसला’ यात बसणारा उभाही असू शकतो. ‘लिहून घे’, ‘सांगून ठेव’, ‘मरून गेला’ यांतील दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला पुरतेपणा, आकस्मिकता, जपणूक असा काही रंग देते. इंग्रजीतले ‘ईट अप’ मधले ‘अप’ आणि आपले ‘टाक’ एकाच कामाला लागलेले आहेत. ही किल्ली प्रत्येक मराठी मुलाच्या खिशात जन्मापासून असते. पण ती कुलपाला लावून दाखवणारा शिक्षक मला तरी भेटला नाही.

आम्हांला मिळाल्या त्या याद्या. नेसफील्ड झाला, रेन आणि मार्टिन झाले. अमुक शब्दापुढे अमुक अव्यय, पाठ करा. त्या ग्रंथांची उपयुक्तता मी नाकारीत नाही. पण यादी पाठ करून रचना कळत नाही. ‘पुट अप’ मधील ‘अप’ हे क्रियाविशेषण, म्हणून फाइलीऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच शिरते: ‘पुट इट अप’. ‘लुक इन्टू’ मधील ‘इन्टू’ हे नामाला बांधलेले, म्हणून तेथे ‘लुक इन्टू इट’ असेच हवे. या एका कसोटीने निम्मा गोंधळ मिटतो. ए. एस. हॉर्नबी याने जपानात शिकवत असताना परकीय विद्यार्थ्यांसाठी कोश रचला, तो 1942 साली तेथेच छापला गेला. कोणते क्रियापद मागे काय घेऊन चालते हे त्यात साच्यांनी दाखवले होते. म्हणजे उपाय ठाऊक नव्हता असे नाही.

याच्या जोडीला दुसरे खूळ, वाक्य शब्दयोगी अव्ययाने संपू नये याचे. या आक्षेपाचा उगम बहुधा ड्रायडनपर्यंत नेतात. 1672 मध्ये त्याने बेन जॉन्सनच्या वाक्यांत हा दोष काढला, आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातूनही अशी वाक्ये निपटून काढली. फाउलरने 1926 मध्ये या नियमाला भोळी समजूत ठरवून निकालात काढले. इंग्रजांनी टाकलेले हे जुने जोडे आमचे काही साहेब अजून पायांत घालून मिरवतात.

कायद्याच्या मसुद्यात एकार्थी शब्द हवा, तेथे ‘पुट अप’ सारखा अनेकार्थी प्रयोग नको, हे मला मान्य आहे. पण सरकारी लेखन म्हणजे सगळे मसुदेच नव्हेत. खुद्द ब्रिटिश ट्रेझरीने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून 1948 साली ‘प्लेन वर्ड्स’ लिहवून घेतले, ते आपल्या नोकरवर्गाला साधे शब्द शिकवण्यासाठीच.

या तिरस्काराचे फळ पाहा. शेपूट नीट शिकवलेच नाही, म्हणून ते नको तेथे फुटते: ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘कोप अप विथ’. जिल्ह्याच्या गावी पदवी घेतलेला हुशार मुलगा चार पानी टिप्पणी निर्दोष लिहितो आणि बैठकीत तोंड उघडत नाही, कारण तेथे कोणी ‘पोस्टपोन’च्या भाषेत बोलत नसते. याहून वाईट म्हणजे, केंद्रीय विद्यालयात जाणारी मुलगी खेळता खेळता हे प्रयोग अचूक उचलून घरी आणते, आणि वडील ते ‘सुधारतात’!

ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांत खात्याच्या परीक्षांना बसणारे आपले तरुण येतात. त्यांच्यासाठी कोणी जाणकाराने शंभर क्रियापदांची एक पुस्तिका करावी, आणि प्रत्येकासमोर इंग्रजी प्रतिशब्द न देता मराठी संयुक्त प्रयोग द्यावा: ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणे. छपाईचा खर्च मंडळाच्या एका कोजागरीच्या दुधाहून अधिक होईल असे मला वाटत नाही.