राज्यसभा नक्की कोणाची?

राज्यसभा म्हणजे राज्यांची सभा. शब्द इतका सरळ आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला तिथे १९ जागा आहेत. त्यांतली किती नावं तुम्हाला पटकन आठवतात? बघा आठवून.

हे खासदार आपण थेट निवडत नाही, आमदार निवडतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पसंतीक्रमाची पद्धत तर मला आवडतेच. सहा जागा असतील आणि सगळ्या २८८ आमदारांनी मत दिलं, तर ४२ मतांत माणूस निवडून येतो. म्हणजे विरोधकांनाही वाटा मिळतो. माझा राग आहे तो २००३ सालच्या दुरुस्तीवर.

त्याआधी उमेदवाराचं नाव त्याच राज्याच्या मतदारयादीत असावं लागे. ती अट गेली. आता देशात कुठेही नाव असलं की पुरे. आणि त्याच दुरुस्तीने मतदान उघड केलं. पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका आधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, मग पेटीत टाकायची! दोन्ही एकत्र वाचा, म्हणजे गंमत कळेल. दिल्लीने कुठलाही माणूस पाठवावा आणि इथल्या आमदाराने मुकाट्याने शिक्का मारावा, तशी सोयच झाली.

यात सगळे पक्ष एका माळेचे मणी. २०१८ साली भाजपने केरळचे मुरलीधरन महाराष्ट्रातून पाठवले, २०२२ साली काँग्रेसने उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी. आपले पुण्याचे जावडेकर २०१४ मध्ये मध्य प्रदेशातून गेले, तेही तसंच. माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. पण कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या प्रश्नावर त्यांना जाब विचारायचा कोणी?

काही जण म्हणतील, आधी तरी काय होतं? मनमोहन सिंग १९९१ पासून गुवाहाटीच्या पत्त्यावर आसामचे खासदार होतेच की! खरं आहे. पण लोक नियमाला बगल देतात म्हणून नियमच काढून टाकायचा, हा कुठला न्याय? उद्या सिग्नल तोडतात म्हणून सिग्नलच काढाल.

दुसरा युक्तिवाद घोडेबाजाराचा. उघड मतदानाने तो थांबेल म्हणे. २०२४ च्या फेब्रुवारीत हिमाचलात काँग्रेसच्या सहा आमदारांनी उघड उघड विरुद्ध मत दिलं, ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. थांबला का बाजार?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली आहे, हे मला माहीत आहे. पण वैध म्हणजे शहाणपणाची असं थोडंच आहे? कायदा संसदेने बदलला, तीच तो परत बदलू शकते. रहिवासाची अट परत आणा आणि यावेळी ती नीट तपासा, एवढंच माझं मागणं आहे.

नाहीतर नाव तरी बदला. राज्यसभा कशाला, पक्षसभा म्हणा!