इंद्रायणीचा फेस कोणत्या विषयात?

पालकहो, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिकवायला सांगितलं. पुढे यूजीसीचा सर्व शाखांसाठीचा अभ्यासक्रम आला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या डॉ. भरुचांनी लिहिलं. त्यात ५० पैकी ५ तासिका क्षेत्रभेटीच्या होत्या. त्या बऱ्याचदा दुकानातून आणलेल्या प्रोजेक्टवरच भागायच्या!

चाकणहून आळंदी किती लांब? तिथला इंद्रायणीचा फेस रसायनशास्त्रात येतो, नगरपालिकेच्या सांडपाण्यात येतो, कारखान्यातल्या पगारात येतो आणि वारीतही. एकट्या पर्यावरणाच्या सरांना तो झेपणार नाही. दोन-तीन विभागांनी मिळूनच मुलांना घाटावर न्यावं.

आणि घरी येऊन मुलानं विचारलं, "बाबा, तुमच्या कंपनीचं पाणी कुठं जातं?" तर रागावू नका. माहीत नसेल, तर उद्या शिफ्टवरून येताना विचारून या.