सबमिशनचा फड

सबमिशन जवळ आलं की हॉस्टेलच्या भिंतींवर टाइमटेबलं चिकटतात. पाच ते सहा गणित, सहा ते सात ड्रॉइंग! दोन दिवसांत त्यांचे बोळे होतात. माझ्या मते गडबड वाटणीतच आहे.

मी पिंपळनेरचा. आमच्या पांझरेवरची फड पद्धत ३००-४०० वर्षं जुनी मानतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण ३-४ मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, म्हणून पाण्याची पाळीही एकच. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असलं तर कुठला फड पडीक ठेवायचा हे गावकरी आधीच मिळून ठरवायचे. पुढे विहिरी वाढल्या, बरेच फड मोडले, ती गोष्ट वेगळी.

मित्रांनो, ही रीत रूमवर चालते बघा. एकदा ड्राफ्टर लावला की सगळ्या शीट्स त्याच बैठकीत. झेरॉक्स, बँक, इस्त्री एकाच फेरीत. जागल्या म्हणजे रूम पार्टनर. तुमचा मोबाइल त्याच्या कपाटात. अवघड काय तर पडीक फड! गॅदरिंग, क्रिकेट, पेपर प्रेझेंटेशन, यातल्या कशाला या टर्मला पाणी नाही, ते आत्ताच ठरवा. मार्चमध्ये ते आपोआप ठरतं, आणि बहुधा विषयच पडीक राहतो.

सर लोकांनाही एक विनंती. सगळी सबमिशन्स एकाच आठवड्यात आली की सगळे फड एकदम पाणी मागतात. पाटाला तेवढा जोर नसतो, सर.