मोजलंत, मग सांगायला या

मैत्रिणींनो, 'तुम्ही मोर्चे काढा, संशोधन आमच्यावर सोडा,' असं आपल्याला सुनावलं जातं. आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात, 'बायांचं दुखणं डोळ्यांना दिसतं, मोजायचं कशाला?' मला दोन्ही मान्य नाही.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बाईचं आरोग्य म्हणजे नुसतं बाळंतपण आणि नसबंदी नव्हे, हे आपण घसा फोडून सांगत होतो. त्याला तेव्हा पुरावा मिळाला.

पण इथं कौंडण्यपुरात, रुक्मिणीच्या माहेरी, बाया मला विचारतात, 'ताई, मागं फारम भरून नेला, त्याचं काय झालं?' माझ्याकडे उत्तर नसतं. अंगावरून पांढरं जातं, हे परक्या माणसाला सांगायला किती धीर लागतो! त्या धीराची किंमत एक पदवी?

म्हणून गटांनी अट घालावी : प्रश्न ठरवताना आम्ही हव्यात, निष्कर्ष गावात वाचून दाखवा, आजार सापडला तर उपचार द्या. आणि आकडा आपल्या घोषणेविरुद्ध गेला, तरी आपण तो लपवायचा नाही.